खेळाडूची संमति आणि साथीचा कायदा

पुण्याहून सोलापुराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, दौंड तालुक्यांत, कुरकुंभ हें गांव लागतें. फिरंगाई देवीचें ठाणें म्हणून पंचक्रोशींत तें पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. अलीकडे औषधी व रासायनिक कारखान्यांची वसाहत म्हणून त्याचें नांव दूरवर गेलें आहे. जवळच दौंडचें रेल्वे जंक्शन असून तेथून मनमाडचा फांटा उत्तरेकडे वळतो. या टापूंतील मुलें पहाटे सडकेच्या कडेनें धांवतात, तालमींत घाम गाळतात, आणि दौंडच्या, बारामतीच्या किंवा पुण्याच्या महाविद्यालयाच्या संघांत जागा मिळवितात. त्यांच्या दृष्टीनें खेळ हा केवळ विरंगुळा नव्हे. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठीं शेंकडा ५ जागा राखून ठेवलेल्या आहेत. तेव्हां मैदानावर मिळविलेलें प्रमाणपत्र एखाद्या घराचा आधार होऊं शकतें. अशा मुलाला साथीच्या दिवसांत खेळावयास बोलाविलें, त्यानें संमति दिली, आणि तो आजारी पडला, तर त्याचा जाब कोणीं द्यावयाचा? हा प्रश्न २०२० सालीं साऱ्या जगापुढें उभा राहिला. परंतु त्याचीं मुळें दीडशें वर्षांहून अधिक मागें जातात, आणि त्यांतलीं कांहीं याच पुणें जिल्ह्यांत सांपडतात.

खेळांतील दुखापतीविषयीं हिंदुस्थानच्या फौजदारी कायद्यानें प्रथमपासूनच एक स्पष्ट भूमिका घेतली होती. १८६० सालच्या दंडसंहितेच्या ८७ व्या कलमाचा आशय असा होता कीं, अठरा वर्षांवरील मनुष्यानें उघड किंवा गर्भित संमति दिली असेल, आणि जें करावयाचें त्यांत मृत्यूचा वा जबर दुखापतीचा हेतु किंवा संभव नसेल, तर त्यापासून झालेली इजा हा अपराध नव्हे. या कलमाखालीं दिलेलें उदाहरण खेळाचेंच होतें. दोन माणसें करमणुकीसाठीं तरवारीचे हात खेळावयाचें ठरवितात. कोणीं कपट केलें नाहीं, पण खेळतांना एकाला इजा झाली, तर ती सोसण्याची संमति त्या ठरावांतच आलेली असते. १ जुलै २०२४ रोजीं दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेनें घेतली. तरीहि हा नियम नव्या संहितेच्या २५ व्या कलमांत कायम राहिला आहे.

तालमींतल्या मल्लाला हा नियम शिकवावा लागत नाहीं. आखाड्याची माती कपाळाला लावतांना तो हात मोडण्याचा धोका पत्करीतच असतो. मात्र या संमतीच्या पोटांत तीन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. धोका कोणता तें खेळाडूला ठाऊक असतें. इजा झाली तर ती त्याच्याच देहाला होते. आणि ती कोणापासून झाली हें उघड दिसतें. सांथीचा रोग या तीनहि गोष्टी एकदम मोडून टाकतो. धोक्याचें मोजमाप कळत नाहीं; इजा खेळाडूच्या पाठोपाठ त्याच्या घरीं जाते; आणि ती कोठून आली हें सिद्ध करणें जवळजवळ अशक्य होऊन बसतें.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत ग्रंथिक सन्निपाताची म्हणजे प्लेगची सांथ ओळखली गेली, आणि लवकरच ती पुण्यास पोंचली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सरकारनें साथरोग कायदा मंजूर केला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. सांथ आटोक्यांत आणण्यासाठीं वाटतील ते नियम करण्याचा अधिकार त्यानें सरकारला दिला. ते नियम मोडणाराला दंडसंहितेच्या १८८ व्या कलमाखालीं शिक्षा ठेवली. आणि सद्भावानें काम करणाऱ्यांवर कोणतीहि फिर्याद चालणार नाहीं असें संरक्षण दिलें. या अधिकाराच्या बळावर पुण्यांत घरांच्या झडत्या झाल्या, माणसें विलगीकरणाच्या छावण्यांत नेलीं गेलीं, लोकांचा क्षोभ वाढला, आणि २२ जून १८९७ च्या रात्रीं रँडसाहेबावर गोळी झाडली गेली. त्याच वर्षीं १० मार्च रोजीं, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां त्याच रोगाला बळी पडून, सावित्रीबाई फुले यांनीं देह ठेविला. त्यांनीं पत्करलेला धोका ही संमतीची सर्वांत थोर जात होय, कारण तो धोका त्यांनीं दुसऱ्याचा जीव वांचविण्यासाठीं घेतला. कोणा संस्थेनें आपल्या सोयीसाठीं त्यांच्यावर तो लादला नव्हता.

त्या कायद्यांत काय आहे यापेक्षां काय नाहीं हें येथें अधिक महत्त्वाचें आहे. सरकारचा अधिकार त्यांत आहे, रयतेचें कर्तव्य आहे, अंमलदारांचें संरक्षण आहे. माणसें एकत्र जमविणाऱ्या संस्थेचें आपल्या आश्रितांविषयीं कर्तव्य कोणतें, याबद्दल एक अक्षरहि नाहीं. दंडसंहितेच्या २६९ व्या कलमांत, प्राणघातक रोगाचा संसर्ग पसरण्याचा संभव असलेलें कृत्य हयगयीनें करणाराला सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली होती, आणि आजच्या संहितेंत तीच तरतूद २७१ व्या कलमांत आहे. परंतु तिचा रोख रोग पसरविणाऱ्या व्यक्तीकडे असतो. त्यामुळें आजारी असतांना मैदानांत उतरलेला विद्यार्थी सहज तिच्या कचाट्यांत सांपडावा, आणि त्याला उतरविणारा चालक बाजूला राहावा, असा धोका उरतोच.

बलवान तरुणाला रोगाचें भय नाहीं, ही समजूत १९१८ सालीं खोटी ठरली. त्या वर्षाच्या सप्टेंबरांत इन्फ्लुएंझाची दुसरी लाट मुंबई इलाख्यांत उसळली. तत्कालीन सरकारी अहवालानेंच नमूद केलें कीं, रेल्वेनें ही सांथ गांवोगांव वाहून नेली. देशांत एक कोटीहून अधिक माणसें दगावलीं. एरवीं असा ताप पोरें व म्हातारीं नेतो. या खेपेस वीस ते चाळीस वयाच्या धडधाकट माणसांचा संहार विशेष झाला. मरण पावणारे हे त्याच पिढींतले होते, जी त्या काळीं मैदानें गाजवीत होती. १९०६ मध्यें स्थापन झालेल्या पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर सांथीच्या पुढच्याच सुमारास, सर दोराबजी टाटा यांच्या अध्यक्षपदाच्या काळांत, अनवाणी धांवणाऱ्या ग्रामीण तरुणांनीं शर्यती मारल्या. आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकांत चौगुले व दातार मॅरेथॉन धांवले, शिंदे व नवले कुस्तींत उतरले. बेळगांवचे फडेप्पा चौगुले त्या मॅरेथॉनमध्यें एकोणिसावे आले. या पराक्रमाचा अभिमान रास्तच आहे. पण तो सांगतांना हेंहि ध्यानांत ठेवावें कीं, ही त्या आपत्तींतून वांचलेल्यांची कहाणी आहे.

त्यानंतर शंभर वर्षांनीं तोच प्रसंग नव्या रूपानें आला. २२ फेब्रुवारी ते १ मार्च २०२० या काळांत भुवनेश्वर येथें पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडास्पर्धा झाल्या. त्यांत सावित्रीबाईंचेंच नांव धारण करणारें पुणें विद्यापीठ दुसरें आलें. या विजयाला दहा दिवसहि उलटले नव्हते, तोंच ९ मार्च रोजीं पुण्यांत कोरोनाचे पहिले रुग्ण आढळले. १३ मार्च रोजीं महाराष्ट्र शासनानें १८९७ चा तोच चार कलमी कायदा पुन्हां बाहेर काढला, आणि पुण्यासह मोठ्या शहरांतील व्यायामशाळा व पोहण्याचे तलाव बंद केले. पुढें सारेंच ठप्प झालें. विद्यापीठांच्या दुसऱ्या स्पर्धा बेंगळूरास भरल्या त्या एकदम एप्रिल २०२२ मध्यें. जानेवारी २०२० मध्यें पुण्यांत झालेली महाराष्ट्र केसरीची कुस्ती त्यानंतर थेट एप्रिल २०२२ मध्यें साताऱ्यास झाली. महाविद्यालयाचीं वर्षें मोजकींच असतात. त्यांतलीं दोन अशीं हातची गेलीं. या काळांत कसलेल्या शरीरांनाहि रोगानें सोडलें नाहीं. एप्रिल २०२० मध्यें मुंबईच्या बंदोबस्ताहून परतलेल्या दौंडच्या राज्य राखीव पोलीस दलांतील कांहीं जवानांना लागण झाली, तेव्हां ही गोष्ट कुरकुंभच्या उंबरठ्यापाशींच दिसून आली.

मैदानें पुन्हां उघडण्याची वेळ आली, तसें संस्थांना आपल्या जबाबदारीचें भय वाटूं लागलें. अमेरिकेंत महाविद्यालयीन फुटबॉल हा कोट्यवधि डॉलरांचा व्यवहार आहे. तेथें जून २०२० मध्यें ओहायो स्टेट विद्यापीठानें खेळाडूंकडून आणि त्यांच्या पालकांकडून धोका मान्य असल्याचें प्रतिज्ञापत्र लिहून घेतलें. हा कायदेशीर दस्तऐवज नव्हे, असा खुलासा विद्यापीठाच्या क्रीडाप्रमुखांनीं केला. तरी टीका थांबली नाहीं, आणि ऑगस्टमध्यें अमेरिकेच्या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेनें, खेळण्याची अट म्हणून हक्कसोड लिहून घेण्यास सर्व संस्थांना मनाई केली. हिंदुस्थानांतहि त्याच महिन्यांत क्रिकेट नियामक मंडळानें, सरावाला येणाऱ्या खेळाडूनें प्रथम संमतीपत्रावर सही करावी, असा नियम केला.

त्या कागदावर सही करणाराला काय ठाऊक होतें? अमेरिकेंतील तेरा विद्यापीठांच्या, रोग होऊन गेलेल्या १५९७ खेळाडूंची पुढें तपासणी झाली. त्यांपैकीं ३७ जणांच्या हृदयाच्या स्नायूला दाह झाल्याचें आढळलें, आणि त्यांतल्या २८ जणांना हृदयविकाराचें कोणतेंहि लक्षण जाणवलें नव्हतें. असा दाह असतांना कठोर व्यायाम केल्यास हृदय एकाएकीं बंद पडण्याचें भय असतें. शंभरांत दोन-तीन हें प्रमाण मोठें नाहीं, हें खरें. परंतु हा आंकडा १९२१ सालच्या नव्हे, २०२१ सालच्या मे महिन्यांत प्रसिद्ध झाला, आणि सह्या त्यापूर्वींच होऊन गेल्या होत्या. माहिती नसतांना दिलेली संमति ही अर्धीच संमति होय.

कायद्याच्या कसोटीलाहि हा कागद दुबळा ठरतो. कनिष्ठ महाविद्यालयांतील खेळाडू बहुधा सोळा-सतरा वर्षांचा असतो. आणि अज्ञानानें केलेला करार मुळांतच रद्द होय, हें प्रिव्ही कौन्सिलानें १९०३ मध्यें मोहोरीबीबीच्या खटल्यांत निश्चित केलें. सज्ञान खेळाडूच्या बाबतींतहि, लोकहिताला बाधक ठरणारा करार १८७२ च्या करार कायद्याच्या २३ व्या कलमानें निरर्थक ठरूं शकतो. शिवाय सही न करणाराला कोणताहि करार बांधीत नाहीं. सायंकाळीं मुलगा घरीं येतो, तेव्हां कारखान्यांत पाळी करणारा बाप आणि ओसरीवर बसलेली आजी यांनीं कोणत्या कागदावर सही केलेली असते? आणि ज्या मुलाला सही न केल्यास संघांतून वगळलें जाण्याची, म्हणजे नोकरीची आशा सोडण्याची भीति आहे, त्याच्या सहीला मोकळ्या मनाची सही कसें म्हणावें?

येथें दुसऱ्या बाजूचें म्हणणेंहि ऐकावें लागेल. संस्थेवर सगळा भार टाकला, तर भीतीपोटीं ती मैदानालाच कुलूप लावील, आणि सर्वांत जास्त नुकसान गरीब खेळाडूचेंच होईल. हें म्हणणें खोटें नाहीं. बंद पडलेल्या दोन वर्षांनीं तें दाखवून दिलेंच आहे. शिवाय रोग मैदानावर जडला कीं एस.टी.च्या गाडींत, हें न्यायालयांत सिद्ध करणें दुरापास्त. परंतु यावरून निघणारा निष्कर्ष जबाबदारी सोडण्याचा नसून, ती आधींच पार पाडण्याचा आहे. नुकसान झाल्यावर भरपाई मागतां येणार नसेल, तर नुकसान होण्यापूर्वीं काळजी घेण्याचें कर्तव्य दुप्पट होतें. धोका साध्या शब्दांत सांगणें, तपासणीची सोय करणें, आजारी पडलेल्याची जागा संघांत राखून ठेवणें, बरा झाल्यावर त्याच्या हृदयाची परीक्षा केल्याखेरीज त्याला न धांवविणें, आणि उपचाराचा खर्च त्याच्या घरावर न टाकणें, हीं कामें संस्थेचीं आहेत. खेळाडूचें कर्तव्य एवढेंच कीं, ताप आल्यास तो लपवूं नये. आणि त्यानें तो लपवूं नये असें वाटत असेल, तर तो सांगितल्याबद्दल त्याला शिक्षा होतां कामा नये.

तरवारीचे हात खेळणाऱ्या दोघांचा नियम शहाणपणाचा होता व आहे. पण तो रिंगणांतल्या दोघांपुरता आहे. सांथीच्या काळांत रिंगण रुंदावतें, आणि त्याचा घेर पुण्याच्या क्रीडांगणापासून कुरकुंभच्या ओसरीपर्यंत पोंचतो. त्या ओसरीवरील माणसांची संमति कोणत्याहि कागदावर मिळणार नाहीं. म्हणून त्यांची काळजी वाहण्याचा भार, खेळाडूला रिंगणांत बोलावणाऱ्यानेंच उचलला पाहिजे.