सिपोरेक्सचं आजोळ

पुण्यातल्या कुठल्याही साइटवर राखाडी, बारीक भोकांचा, हलका ठोकळा दिसला की गवंड्याच्या तोंडी त्याचं नाव एकच: सिपोरेक्स. मग तो कोणत्याही कारखान्यातून आलेला असो. वनस्पती तुपाला डालडा म्हणावं किंवा छायाप्रतीला झेरॉक्स, तसंच हे. तेवढ्याच आकारमानाच्या विटकामाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकं याचं वजन. तो करवतीनं कापला जातो, पाण्यात टाकला तर तरंगतो.

याचं मूळ विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: स्वीडन. उत्तर खोटं नाही, अर्धं आहे. हे झालं वडिलांकडचं घराणं. आजोळ निघतं अमेरिकेतल्या न्यू जर्सीत, फोनोग्राफ बनवणाऱ्या एका माणसाच्या प्रयोगशाळेत.

आधी वडिलांकडचं थोडक्यात. पहिल्या महायुद्धानंतर स्वीडनमध्ये लाकडाची आणि जळणाची टंचाई होती. लाकडासारखी ऊब धरणारी, पण न जळणारी, न कुजणारी भिंत हवी होती. स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठात योहान आक्सेल एरिकसन यांनी चुना, दळलेला खडक आणि अ‍ॅल्युमिनियमची भुकटी पाण्यात कालवली. चुन्याशी गाठ पडताच अ‍ॅल्युमिनियम हायड्रोजन सोडतं आणि इडलीचं पीठ फुगावं तसा लगदा फुगतो. तो जरा आळला की तारेनं वड्या पाडायच्या आणि बंद भांड्यात, सुमारे 180 ते 200 अंशांच्या दाबयुक्त वाफेत, कित्येक तास शिजवायच्या. एरिकसन यांचं पेटंट 1924 चं, त्यावरचा पहिला कारखाना 1929 चा.

यातली वाफ एरिकसन यांची नव्हे. चुना आणि वाळू दाबाच्या वाफेत शिजवून दगडासारखी वीट करण्याचं पेटंट जर्मनीत मिखाएलिस यांनी 1880 मध्ये घेतलं होतं. प्रश्न आहे तो बुडबुड्यांचा. प्रागच्या हॉफमन यांनी 1889 मध्ये चुनखडीवर आम्ल टाकून वायू काढला होता, पण तो कार्बन डायऑक्साइड. अ‍ॅल्युमिनियमची भुकटी येते 1914 च्या एका अमेरिकन पेटंटात. काँक्रीटच्या इतिहासात या पेटंटाला एखादी ओळ मिळते आणि तिथे नावं छापलेली असतात ‘ऑल्सवर्थ आणि डायर’. वाचणारा पुढे सरकतो.

तिथेच थांबायला हवं. ‘ऑल्सवर्थ’ ही छपाईची चूक आहे. खरं आडनाव एल्सवर्थ. आणि एल्सवर्थ-डायर ही जोडी एकत्र दिसली की थॉमस एडिसन आठवल्याशिवाय राहत नाही. जोनास एल्सवर्थ हे एडिसन यांचे रसायनतज्ज्ञ; फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्यांपासून तबकड्यांवरच्या कडक लेपापर्यंतची रसायनं त्यांच्या हातची. फ्रँक डायर हे एडिसन यांचे पेटंटचे वकील, पुढे त्यांच्या कंपन्यांचे कारभारी आणि 1910 च्या एडिसन-चरित्राचे एक लेखक. तबकड्यांचे कारागीर सिमेंटमध्ये बुडबुडे कशाला सोडतील?

उत्तर एडिसन यांच्याच एका फसलेल्या स्वप्नात आहे. लोखंडाचं खनिज दळण्याचा उद्योग बुडाल्यावर त्यांनी 1899 मध्ये सिमेंटची कंपनी काढली. मग 1906 मध्ये जाहीर केलं की अख्खं घर एका ओतीत उभं करता येईल: तळघरापासून छपरापर्यंत लोखंडी साचा बसवायचा, वरून काँक्रीट ओतायचं, काही दिवसांनी साचा सोडवायचा. पेटंटचा अर्ज 1908 चा, मंजुरी 1917 ची. एका घराच्या साच्याला दोन हजारांहून अधिक तुकडे लागत. त्यांची किंमत कोणत्याही लहान ठेकेदाराला झेपणारी नव्हती. न्यू जर्सीतल्या युनियन गावात स्वस्त घड्याळांचे कारखानदार चार्ल्स इंगरसॉल यांनी 1917 मध्ये अशी 11 घरं ओतली. बाकी ठिकाणी गोष्ट फार पुढे गेली नाही.

पण घर ओतलं तर सामानही ओतावं, हे एडिसन यांनी 1911 मध्ये पुढे आणलं. काँक्रीटचं कपाट, काँक्रीटचा पलंग, फोनोग्राफची काँक्रीटची पेटी. वजनाचं काय, असं कोणीही विचारेल. त्यावर त्यांचा दावा होता की हवा भरलेल्या, फेसाळ काँक्रीटमुळे हे सामान लाकडी सामानाच्या दीडपटच भरेल. 1911 ला मालक फेसाळ काँक्रीटचं आश्वासन देतो आणि 1914 ला त्याच्या रसायनतज्ज्ञाचं आणि वकिलाचं आडनाव फेसाळ सिमेंटच्या पेटंटावर येतं. याला योगायोग म्हणणाऱ्यानं दुसरी अशी जोडी दाखवावी.

यावर एक आक्षेप रास्त आहे: पेटंट कागदावर राहिलं, एरिकसन यांनी ते वाचलंच असेल असं कशावरून? न वाचताही अ‍ॅल्युमिनियम सुचू शकतं. मान्य. शिवाय नुसते बुडबुडे असलेलं सिमेंट वाळताना आकसतं, चिरतं. वाफेशिवाय ते घराच्या कामाचं नाही. म्हणून स्वीडनचं श्रेय कमी होत नाही. मात्र बुडबुडा आधी कोणी सोडला याचा निवाडा तारखा करतात, आणि तारीख न्यू जर्सीच्या बाजूची आहे.

आता नाव. स्वीडनमध्ये दोन घराणी झाली. थोरल्याचं नाव इटोंग, आणि त्याची फोड सोपी आहे: कारखाना इक्सहुल्टचा, म्हणून ‘इ’, वायूच्या काँक्रीटला स्वीडिश शब्द ‘गासबेटोंग’, त्याची शेपटी ‘टोंग’. धाकटं सिपोरेक्स, 1930 च्या दशकातलं. त्याची फोड वादाची. ‘सि’ म्हणजे सिलिका, कारण धाकट्यानं थोरल्याचा शेलचा खडक सोडून वाळू आणि सिमेंट घेतलं. ‘पोर’ म्हणजे छिद्र, स्वीडिशमध्येही तोच शब्द. उरतं ‘एक्स’. त्यात ‘एक्स्पान्शन’, म्हणजे प्रसरण, पाहणारे आहेत, पण ते ओढूनताणून वाटतं. 1908 चं रोलेक्स, 1915 चं पायरेक्स, 1924 चं क्लीनेक्स पाहिलं की त्या काळी मालाच्या नावाला ‘एक्स’ची शेपटी लावण्याची हौस स्पष्ट दिसते. सिपोरेक्सचं ‘एक्स’ त्याच हौसेचं.

वाळू निवडल्याचा फायदा उशिरा कळला. थोरल्याच्या खडकात युरेनियमचा अंश होता आणि त्या भिंतींतून रेडॉन वायू निघे. 1970 च्या दशकात स्वीडननं ते उत्पादन थांबवलं.

भारतात हलक्या काँक्रीटची पहिली मोठी परीक्षा दिल्लीत झाली आणि ती फसली. फाळणीच्या निर्वासितांसाठी जंगपुऱ्यात सरकारी घरबांधणी कारखाना निघाला. वास्तुतज्ज्ञ ओटो कोनिग्सबर्गर यांची ती योजना, पंडित नेहरूंचा पाठिंबा. ब्रिटिश तंत्रानं बनवलेले भिंतींचे मोठे फलक चिरू लागले, त्यांच्या कडा तुटू लागल्या. संसदेत गदारोळ झाला आणि 1951 मध्ये कोनिग्सबर्गर देश सोडून गेले. पुढे हाच कारखाना ‘हिंदुस्थान प्रीफॅब’ झाला.

जे दिल्लीत तुटलं ते पुण्यात टिकलं. वाई तालुक्यातल्या पसरणीचे बाबूराव गोविंदराव शिर्के यांनी 1944 मध्ये बांधकामाचा धंदा सुरू केला होता. 1972 मध्ये त्यांनी स्वीडनचं तंत्र घेऊन पुण्यात सिपोरेक्सचा कारखाना उभारला. सांगाडा काँक्रीटचा, त्याचे भाग कारखान्यात ओतलेले, आणि मध्ये भिंतीला-स्लॅबला सिपोरेक्स, अशा रीतीनं म्हाडाच्या मोठमोठ्या वसाहती उभ्या राहिल्या. शब्द पुण्याच्या साइटवर रुजला तो असा.

एडिसन यांची दुसरी कल्पनाही आता याच शहरात नांदते. भिंत आणि स्लॅब एकदम ओतणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांना इथले कामगार ‘मायवान’ म्हणतात. तेही मूळ एका कंपनीचंच नाव, उत्तर आयर्लंडमधलं. लोखंडाचा जड साचा एडिसन यांना नडला. अ‍ॅल्युमिनियमची पाटी एक कामगार उचलून वरच्या मजल्यावर देतो आणि तीच पुन्हा पुन्हा वापरतो.

अभियांत्रिकी शिकवणाऱ्यांना एक विनंती आहे. हलक्या काँक्रीटचा धडा घेताना 1914 ची ओळ गाळू नका, आणि फळ्यावर नाव ‘एल्सवर्थ’ असं लिहा.