वज्रेश्वरीचा नवस आणि वसईचा तट

गणेशपुरीच्या उष्ण कुंडांत स्नान करून मैलदीड मैलावरील वज्रेश्वरीच्या दर्शनास जावे, हा भिवंडी तालुक्यात येणाऱ्या भाविकांचा नित्याचा क्रम आहे. टेकडीच्या बावन्न पायऱ्या चढताना देवळाभोवतीचा तट दृष्टीस पडतो. देवळास हे किल्ल्याचे रूप कशासाठी, असे विचारले तर चिमाजी अप्पांच्या नवसाची कथा ऐकावयास मिळते. वसई हाती आली तर किल्ल्यासारखे देऊळ बांधीन, असे अप्पा देवीस बोलले. १७३९ साली वसई पडली, आणि सुभेदार शंकराजी केशव फडके यांच्या हस्ते देऊळ उभे राहिले, असे परंपरा सांगते. कथा गोड आहे. परंतु तिच्या पोटातील एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. जो सहज जिंकणार असतो तो नवस बोलत नाही. आपले उपाय थकले म्हणजेच मनुष्य देवापुढे पदर पसरतो. वज्रेश्वरीचा तट पाहताना आम्हास विजयाआधी त्या थकव्याची आठवण होते.

हल्लीची तरुण मुले संगणकाच्या पडद्यावर जे खेळ खेळतात, त्यांपैकी पुष्कळांच्या अखेरीस एक अतिबलाढ्य प्रतिपक्षी उभा असतो. त्यास ती ‘बॉस’ म्हणतात. त्याच्या हातून पुनःपुन्हा मरावे, चरफडावे, आणि तरीही पुन्हा आरंभ करावा, असा तो छंद. प्रत्येक पराभवात शत्रूची एखादी खोड उमगते आणि शेवटी तो कोसळला म्हणजे होणारा आनंद सोप्या जयात कधीच मिळत नाही, असे ती सांगतात. वडीलधाऱ्यांस हे वेड वाटते. परंतु मराठ्यांच्या इतिहासात असा प्रतिपक्षी कोणता, असे त्यांनी आम्हास विचारले, तर आम्ही निःशंकपणे वसईचे नाव घेऊ.

वसईच्या कोटास तीन बाजूंनी समुद्र, खाडी आणि दलदल यांचे संरक्षण होते. जमिनीवरून वाट ती एका उत्तरेकडूनच, आणि तीही उघड्या वाळूची. तटावर फिरंग्यांच्या तोफा, पाठीशी त्यांची जहाजे. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली, त्या भरात वसईही घेऊ असे त्यांस वाटले. शिड्या लावून तट चढण्याचे त्या वर्षीचे प्रयत्न फसले. १७३८ साली माहीमपुढूनही त्यांस माघार घ्यावी लागली. शौर्यात कोठे उणे नव्हते. उणीव होती ती शत्रूच्या ओळखीत. समुद्राचे दार उघडे असता एकट्या वसईवर डोके आपटणे व्यर्थ आहे, हे ज्ञान मराठ्यांनी पराभवातूनच मिळविले.

पुढच्या मोहिमेची आखणी या ज्ञानावर झाली. १७३९ च्या जानेवारीत अप्पा स्वतः उत्तर कोकणात होते. माहीम, केळवे, शिरगाव ही ठाणी एकामागून एक घेतली गेली. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर यांच्यासारखा मोलाचा सरदार कामास आला, परंतु तारापूर पडले. तिकडे व्यंकटराव घोरपडे गोव्याच्या मुलखात शिरले, त्यामुळे गोव्यास वसईकडे पाहण्याची सवड राहिली नाही. धारावी आणि वेसावे घेऊन खाडीची नाकी अडविली; मानाजी आंग्रे यांचे आरमारही साहाय्यास आले. दारे मिटल्यावरच मुख्य शत्रूस हात घातला गेला.

तरीही वसई पडेना. फेब्रुवारीपासून मोर्चे वाळूतून इंचाइंचाने पुढे सरकत होते. तटावरून गोळ्यांचा आणि पेटत्या दारूगोळ्यांचा वर्षाव होत होता. वेढ्यात फिरंग्यांचा सेनापती सिल्व्हैरा द मेनेझिस मारला गेला, तरी कोट लढतच राहिला. याच वेळी नादिरशहाने दिल्ली लुटली होती आणि बाजीरावांचे लक्ष उत्तरेकडे लागले होते. पावसाळा महिन्यावर आला होता. तो लागला म्हणजे वेढा उठवावा लागणार हे उघड होते. कोट हाती येत नसेल तर निदान माझे मस्तक तरी तोफेने आत उडवा, असे अप्पा त्या दिवसांत बोलले, अशी आख्यायिका आहे. शब्द कसेही असोत, त्यांतील चरफड खरी वाटते.

मेच्या मध्यास सुरुंगांस बत्ती दिली. काही उडाले, तटास खिंडार पडले, आणि लोक आवेशाने धावले. तोच मागे राहिलेले सुरुंग त्यांच्याच पायांखाली उडाले. हल्ला मोडला. दुसऱ्या दिवशी सेंट सेबास्टियनच्या बुरुजाखालील सुरुंग उडाला, आणि आदल्या दिवशी आपली माणसे दगडांखाली गाडली गेलेली पाहिलेले लोक पुन्हा त्याच वाटेने वर चढले. बुरुजावर मराठे टिकले तेव्हा फिरंग्यांनी तहाची बोलणी लाविली. १६ मे १७३९ रोजी तह झाला. शिबंदीने शस्त्रांनिशी, वाद्ये वाजवीत बाहेर पडावे आणि आठ दिवसांत बायकामुले व चीजवस्त हलवावी, असे ठरले व ते पाळलेही गेले. ज्याने इतके झुंजविले त्याचा मान विजेत्याने राखला. अप्पांनी धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींस या युद्धाचा वृत्तांत लिहून कळविला.

ग्रँट डफ याने मराठ्यांची हानी पाच हजारांहून अधिक आणि फिरंग्यांची आठशे दिली आहे. खेळातील गडी पन्नास वेळा मरून पन्नास वेळा उठतो. त्याचे शिकणे फुकटचे असते. वसईच्या तटाखाली जो पडला तो उठला नाही. त्याच्या मरणातून जे कळले, ते त्याच्यामागून येणाऱ्याच्या उपयोगी पडले. पहिली शिडी लावणाऱ्यास विजयाचा आनंद मिळाला नाही, आणि ज्यांस तो मिळाला त्यांनी तो त्याच्या जिवावर भोगला. स्वतः अप्पाही पुढच्याच वर्षी, १७४० च्या डिसेंबरात, निवर्तले. वज्रेश्वरीच्या पायऱ्या चढताना वाचकांनी नवस बोलणाऱ्याचे स्मरण अवश्य करावे. आणि १७३७ साली शिडीवरून खाली पडले त्या अनामिकांचेही करावे, कारण नवस फेडण्यास आरंभ त्यांनीच केला होता.