पायी पाहावे असे जुने पनवेल

१/ पनवेल नगरपालिका १८५२ सालची, महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी एक. एका लहान गावाला हा मान इतक्या लवकर का मिळाला? जुन्या पनवेलमधून पायी फिरल्यास उत्तर सापडते.

२/ प्रारंभ गाढी नदीच्या काठी करावा. मुंबईची गलबते खाडीमार्गे येथे येत. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि पुण्याचे प्रवासी पनवेलला होडीतून उतरून गाडी धरू लागले.

३/ पुढचा टप्पा बेथ एल सिनेगॉग, १८४९. हे बेने इस्रायलींचे प्रार्थनास्थळ. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. गावातील ‘इस्रायल तलाव’ हे नाव त्यांचीच आठवण.

४/ १८६३ मध्ये रेल्वेने बोरघाट ओलांडला, पण कल्याण-कर्जतमार्गे. प्रवाशांची वाट बदलली, पनवेल बाजूला पडले. तरी गाव थांबले नाही. १८७२ मध्ये कृष्णशास्त्री पुराणिकांनी येथेच धूतपापेश्वरची औषधनिर्मिती सुरू केली.

५/ शेवट वडाळे तलावाकाठी, बल्लाळेश्वर मंदिरापाशी. २०१६ पासून पनवेल महानगरपालिका आहे. द्रुतगती महामार्गाने शहर घडवले असे अनेकांना वाटते. वास्तविक घाटाकडे जाणारी वाहतूक दीड शतकानंतर आपल्या जुन्या दाराशी परतली आहे.