जोर जागचा हलत नाही

मंडळी, इटालियनमध्ये 'कान्-तो' एवढ्या दोन अक्षरांत काळ बदलता येतो. जोर पहिल्या अक्षरावर दिला तर 'मी गातो', दुसऱ्यावर दिला तर 'तो गायला'. मराठीत जोर चुकला तर समोरचा फार तर हसेल. इथे काळही बदलतो आणि कर्ताही. असं का? उत्तर लॅटिनमध्ये आहे.

लॅटिनमध्ये 'तो गायला' म्हणजे 'कान्तावित', जोर मधल्या 'ता'वर. रोजच्या बोलण्यात 'इ' गळाला, 'कान्ताउत' झालं. पुढे 'आउ'चा 'ओ' झाला, शेवटचा 'त' गेला. उरलं 'कान्तो'. जोर होता तिथेच राहिला, त्याच्या पुढचं सगळं झडलं.

भविष्यकाळाची गोष्ट आणखी मजेदार. 'तो गाईल' म्हणजे 'कान्ताबित'. पण पुढे दोन स्वरांमधले 'ब' आणि 'व' उच्चारात एक झाले, आणि 'गायला' नि 'गाईल' सारखेच ऐकू यायला लागले. आता बोला! लोकांनी पळवाट काढली: 'कान्तारे हाबेओ', म्हणजे साधारण आपलं 'मला गायचं आहे'. हळूहळू दोन्ही शब्द चिकटले. फ्रँकांच्या राज्यात 7व्या शतकात लिहिलेल्या फ्रेडेगारच्या बखरीत 'दारास' (तू देशील) असं जोडरूप चक्क सापडतं. इटालियनमध्ये जोर 'हाबेओ'च्या उरलेल्या तुकड्यावर राहिला. फ्लॉरेन्सच्या बोलीत बिनजोराच्या 'ता'चा 'ते' झाला आणि तयार झालं 'कान्तेरो', म्हणजे 'मी गाईन'. शेवटच्या 'ओ'वरच्या त्या छोट्या तिरक्या रेघेखाली अख्खं क्रियापद दडलंय!

आता उलटा प्रकार. लॅटिनचा नियम कडक: जोर शेवटून तिसऱ्या अक्षराच्या मागे जायचा नाही. 'हाबितान्त' (ते राहतात) मध्ये तो पहिल्या अक्षरावर, म्हणजे नियमात. इटालियनने शेवटचा 'त' टाकून 'ओ' जोडला: 'आ-बि-ता-नो'. 3 अक्षरांची 4 झाली, जोर मात्र 'आ'वरच. नियम मोडायला कुणी गेलं नव्हतं, शब्दच लांबला. टेलिफोन तर 19व्या शतकातला, पण 'ते फोन करतात' म्हणताना तोच जुना ताल: 'ते-ले-फो-ना-नो', जोर 'ले'वर.

जुन्या कोडमधली विचित्र ओळ बघून आपण वैतागतो, तसंच हे. कारण कळलं की ती विचित्र वाटत नाही. असो. शिकणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा: रेघ फक्त शेवटच्या अक्षरावर जोर असेल तरच सक्तीची. 'आबितानो'वर ती नसते. तिथे कानच तयार करावा लागतो.