बाळाच्या वाढीचे टप्पे: पालकांनी काय पाहावे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून देशभर राबवला जातो. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी व पुढील उपचार मोफत होतात. जबलपूरच्या राइट टाउनमधील पालकही याचा लाभ घेऊ शकतात.

साधारण टप्पे:
• २ महिने: आईकडे पाहून हसणे
• ४ महिने: मान सावरणे
• ६ महिने: आवाजाच्या दिशेने वळणे
• ९ महिने: आधाराशिवाय बसणे

मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळाचे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे.

कधी दाखवावे? टप्पा लांबल्यास किंवा येत असलेली गोष्ट बंद झाल्यास ‘होईल हळूहळू’ म्हणून थांबू नका. माता व बाल संरक्षण कार्ड घेऊन अंगणवाडी सेविकेला भेटा आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणीबाबत विचारा. ऐकण्यातील दोष लवकर कळला, तर बोलायला शिकण्याचा काळ वाया जात नाही.