‘अरे, आवाज कुणाचा?’ : एक तळटीप

* अरे, आवाज कुणाचा? : आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांतली आरोळी. अमेरिकेतल्या कॉलेजांकडे फुटबॉलच्या सामन्यांसाठी बँडवर वाजणारी, रीतसर स्वरबद्ध केलेली गाणी असतात. आपल्याकडे ते काम या एका प्रश्नाने केले. एकाने विचारायचे, बाकीच्यांनी कॉलेजचे नाव घेऊन उत्तर द्यायचे. ‘आवाज’ पुल्लिंगी, म्हणून नाव कोणतेही असो, शेवटी ‘चा’च येतो : रुईयाचा, रुपारेलचा, कीर्तीचा. त्या मोकळ्या ‘आ’वर दम संपेपर्यंत ओढता येते आणि चाल आपोआप तयार होते. पुण्यात १९६३ साली महाराष्ट्रीय कलोपासकने सुरू केलेल्या पुरुषोत्तम करंडकाशी ही आरोळी कायमची जोडली गेली. मुंबईत १९६६ साली स्थापन झालेल्या शिवसेनेच्या सभांमध्येही ती घुमली.

तिचे मूळ कुणा एकाच्या लेखणीत शोधू नये, असे मला वाटते. गिरणगावातल्या मुलांच्या कानांवर कामगार मोर्चांच्या घोषणा लहानपणापासून पडत. पुढचा विचारी, ‘कोण म्हणतो देणार नाही?’ आणि मागचे गर्जत, ‘घेतल्याशिवाय राहणार नाही!’ साचा हाच. लेखकाने तिला ‘घोषणा’ म्हटले आहे. मी ‘आरोळी’ म्हणतो, कारण तिच्यात मागणी काहीच नाही. तिसऱ्या घंटेला विंगेत हातपाय गार पडून उभ्या असलेल्या पोराला ती ऐकू येते, आणि आपली माणसे बाल्कनीत आली आहेत एवढे त्याला कळते.

— संपादक