बायपासनंतरचा स्टेंट

बायपास झालेल्या रुग्णाच्या हृदयधमनीत किंवा जोडलेल्या नळीत पुन्हा अडथळा आला, तर फुग्याने वाट मोकळी करून तिथे जाळीदार स्टेंट बसवण्याचा उपचार. छातीत पुन्हा कळ आली की घरचे विचारतात, ‘ब्लॉक किती टक्के?’ बायपासनंतर मात्र टक्क्यांआधी, ब्लॉक कोणत्या नळीत आहे हे विचारायला हवे. शल्यविशारद सहसा दोन प्रकारच्या नळ्या जोडतात: छातीच्या आतली धमनी आणि पायातून काढलेली शीर. धमनी दहा वर्षांनीही दहापैकी नऊ जणांत वाहती असते. शिरा तोवर निम्म्याच्या आसपास बंद पडतात किंवा रोगट होतात. शीर मुळात कमी दाबाची वाहिनी. धमनीच्या दाबाखाली तिची भिंत जाड होते आणि आत मऊ, ठिसूळ थर साचतो.

या थरामुळेच जुन्या शिरेत स्टेंट बसवणे नाजूक ठरते. स्टेंट फुलवताना थराचा चुरा सुटतो आणि पुढच्या बारीक वाहिन्यांत अडकतो; नळी मोकळी दिसते, पण रक्त पुढे सरकत नाही. 2002 च्या सेफर चाचणीत हा चुरा अडवून शोषून घेणारे साधन वापरल्यावर महिनाभरातील गंभीर घटना 16.5 वरून 9.6 टक्क्यांवर आल्या. धोका घटला, संपला नाही. यावर कोणी म्हणेल, आता औषधलेपित स्टेंट आहेत ना! मूळ धमन्यांत त्यांचा फायदा सिद्ध आहे, शिरेत तो टिकत नाही. 2011 च्या इसार-कॅब्ज चाचणीत पहिल्या वर्षी दिसलेला फायदा पाच वर्षांत पुसला गेला, आणि 2018 च्या दिवा चाचणीत सुमारे 600 रुग्णांत वर्षाअखेरही साध्या आणि औषधलेपित स्टेंटमध्ये फरक आढळला नाही. स्टेंट एक जागा सावरतो. रोग मात्र अख्ख्या शिरेत असतो.

मग शीर सोडून मूळ धमनीतच स्टेंट बसवावा का? शक्य तिथे तसेच करावे, असा अमेरिकेच्या 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांचा कल आहे. तो वाजवी आहे, सरसकट लावण्याजोगा नाही. मूळ धमनी वर्षानुवर्षे पूर्ण बंद आणि कॅल्शियमने कडक झालेली असेल, तर तिच्यातून तार नेणेच जिकिरीचे होते. दुसरा बायपासही होतो. मनमोहन सिंग यांचा पहिला बायपास 1990 मध्ये झाला, नंतर अँजिओप्लास्टी झाली, आणि जानेवारी 2009 मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये मुंबईच्या रमाकांत पांडा यांच्या पथकाने पुन्हा बायपास केला. पण छाती दुसऱ्यांदा उघडताना चालू असलेली छातीची धमनीच दुखावण्याची भीती असते, म्हणून ती वाहती असेल तर डॉक्टर बहुधा स्टेंटकडे वळतात.

नांदेड–लातूर रस्त्यावरच्या अहमदपूरसारख्या तालुक्यात पूर्वी पहिली अडचण पैशाची असे. राज्याची राजीव गांधी जीवनदायी योजना नांदेड जिल्ह्यात 2012 मध्ये आणि लातूरमध्ये 2013 मध्ये आली. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपये ठरवली. कागदांची अडचण मात्र अशा योजनांनी सुटत नाही. बायपास हैदराबाद किंवा पुण्याला झालेला, आणि दहा वर्षांनी अँजिओग्राफी लातूरला, असे सहज घडू शकते. डिस्चार्ज कार्डावर नुसते ‘तीन ग्राफ्ट’ लिहिलेले असेल, तर त्या जोडलेल्या नळ्यांची तोंडे शोधण्यासाठी डॉक्टरांना पुन्हा पुन्हा डाय सोडावा लागतो, आणि मधुमेही रुग्णाच्या आधीच थकलेल्या मूत्रपिंडांवर त्याचा ताण येतो. ऑपरेशनची नोंद हाती असेल तर डावी छाती-धमनी वापरली आहे हे आधीच कळते, आणि तार उजव्याऐवजी डाव्या मनगटातून घालता येते.